धूर ओळखणारी सहा यंत्रं आणि जिन्याच्या दाराची किल्ली

मार्चमधली गोष्ट. मुलाचे दहावीचे पेपर चालू होते, म्हणून तो रात्री उशिरापर्यंत जागा असायचा. सव्वादोनच्या सुमाराला पाणी प्यायला तो खाली उतरला आणि धावत वर येऊन त्यानं आम्हाला हलवून उठवलं. जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवला होता, तिथून धूर येत होता. जळक्या रबराचा वास साऱ्या बोळात कोंडला होता. यांनी मेन स्विच पाडला, बॅटरीची वायर फडक्यानं धरून उपसली, मी खिडक्या उघडल्या. ज्वाळा लागली नव्हती, वायरीचं आवरण वितळून खाली ठिबकलं होतं. सकाळी वायरमन आला आणि म्हणाला, "वहिनी, बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, ढिला पडलाय. ढिल्या जोडावर करंट गेला की तो जागच्या जागी तापत बसतो."

त्या बोळाला लागूनच माझ्या सासूबाईंची खोली. वय चौऱ्याहत्तर, रात्री कानातलं यंत्र काढून उशाशी डबीत ठेवतात. एवढी धावपळ झाली, पण त्यांना जाग आली नाही. दार उघडून मी त्यांच्या श्वासाकडे बघत किती वेळ उभी होते मला आठवत नाही. मुलगा जागा होता म्हणून निभावलं. परीक्षा महिनाभर आधी संपली असती तर?

म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप. एप्रिलमध्ये आम्ही सांगलीच्या आमच्या दुमजली घरात धूर ओळखणारी बिनतारी यंत्रं बसवली. आता सहा महिने होत आले. काय घेतलं, कुठं लावलं, काय जमलं आणि काय जमलं नाही ते सगळं लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अगदी हाच संच तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला असलेला मी स्वतः पाहिलाय. नावापेक्षा खोक्यावर आणि पाठीवर काय छापलंय ते बघून घ्या.

आधी मी चूक केली. घाईघाईनं 1,450 रुपयांचं वाय-फायवर चालणारं एक यंत्र मागवलं. ते मोबाइलवर सूचना पाठवतं, हे ऐकून बरं वाटलं होतं. पण आमच्याकडे वीज गेली आणि इन्व्हर्टरही बंद असला की राउटर बंद. राउटर बंद म्हणजे मोबाइलवर काही येत नाही, यंत्र फक्त जागेवर ओरडतं. इन्व्हर्टरनंच पेट घेतला तर नेमकं हेच होणार. शिवाय जिन्याखाली वाजलेलं वर दार लावून, पंखा लावून झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही. आम्ही वाजवून पाहिलं, मला स्वप्नात आल्यासारखं दुरून काहीतरी ऐकू आलं, तेही मी जागी होते म्हणून.

माझी धाकटी नणंद ग्लासगोला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, एकमेकांना जोडलेली घे. एक वाजलं की सगळी वाजतात." तिच्याकडे स्कॉटलंडमध्ये 1 फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घराला तशी यंत्रं लावण्याचा नियमच आहे. दिवाणखान्यात एक, प्रत्येक मजल्यावरच्या बोळात एक, स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं एक, आणि सगळी एकमेकांशी जोडलेली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 च्या जूनमध्ये आग लागून 72 माणसं गेली, त्यानंतर तिकडे या गोष्टींचा फेरविचार झाला, त्यातून हा नियम आला. आमच्या घराला बांधकाम परवाना मिळाला तेव्हा आम्हाला यातलं काहीच कोणी विचारलं नव्हतं. मी तिचाच आराखडा कागदावर उतरवला आणि त्यात सासूबाईंची खोली आणि मुलाची खोली वाढवली.

एकूण सहा नग घेतले. धुराचे पाच, प्रत्येकी 2,350 रुपये, आणि स्वयंपाकघरासाठी उष्णतेचं एक, 2,600 रुपये. 14,350 रुपये झाले. तारा ओढायच्या नाहीत, भिंती फोडायच्या नाहीत, यंत्रांची आपसातली बोलणी 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात, इंटरनेट लागत नाही. बॅटरी आत सीलबंद, लिथियमची, दहा वर्षांची. धुराच्या नगांच्या पाठीवर ईएन 14604 हे युरोपचं मानक छापलंय आणि तीन मीटरवर 85 डेसिबल असा आवाज लिहिलाय. या दोन गोष्टी छापलेल्या नसतील तर घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

आत काय असतं ते मुलानं समजावलं ते मला आवडलं, म्हणून सांगते. एका काळ्या डबीत एक बारीक दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा तिरका बसवलेला असतो. एरवी दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत पोचत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून उजेड इकडेतिकडे फाकतो आणि डोळ्याला दिसतो. उन्हाची तिरीप घरात आली की धुळीचे कण चमकतात ना, तसंच. धुमसणारी आग, म्हणजे वायरीचं आवरण, गादीतला कापूस, सोफ्याचा फोम, यांचा जाड धूर हा प्रकार लवकर पकडतो. आमच्या घरातली भीती तीच होती. दुसरा एक प्रकार असतो, त्यात अमेरिशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ कणभर असतो. भडकून पेटणाऱ्या आगीला तो जलद असतो, पण फोडणीच्या धुरालाही तितक्याच उत्साहानं ओरडतो. आपल्या घरांना पहिला प्रकार बरा.

आता जोडणी. सोबतचं पत्रक निकृष्ट आहे, अक्षर मुंगीएवढं आणि इंग्रजी अर्धवट. करायचं असतं एवढंच: सगळे नग जेवणाच्या टेबलावर मांडायचे, एकाचं बटण तीनदा दाबून त्याला शिकायला लावायचं, हिरवा दिवा लुकलुकू लागला की दुसऱ्याचं बटण दाबायचं, की दोघांची ओळख झाली. असं एकेक करत सहाही. ही ओळख छतावर लावण्याआधी करा. आम्ही दोन आधीच वर लावले आणि स्टुलावर चढून मान वर करून बटणं दाबत बसलो, अर्धा रविवार त्यात गेला. आणखी एक, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. सहा एकदम वाजले तेव्हा समोरच्या काकू चप्पल न घालता पळत आल्या होत्या.

बसवायला कुठं, यावर मात्र थांबून विचार करायला हवा. पत्रकात लिहिलंय छताच्या मधोमध. आपल्या घरात छताच्या मधोमध पंखा असतो. पंख्याचा वारा धूर लोटून देतो, म्हणून पात्याच्या टोकापासून किमान तीन फूट लांब पाहिजे. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडून राहते, तिथं धूर उशिरा पोचतो, म्हणून कोपऱ्यापासून चार इंच तरी सोडायचं. आमच्या हॉलमध्ये मधून बीम गेलाय, धूर आधी दोन बीमच्या मधल्या खणात साठतो, म्हणून बीमच्या बुडाला न लावता स्लॅबलाच लावलं. न्हाणीघराच्या दारासमोर लावू नका, गरम पाण्याची वाफ आत शिरून उगाच वाजतं.

छिद्रं पाडायला वायरमनलाच बोलावलं. आपण ड्रिल चालवू शकतो, पण स्लॅबमधून पंख्याच्या डब्याकडे जाणारे पाइप कुठून गेलेत ते त्यालाच ठाऊक. सहा एमएमचं बिट, प्लॅस्टिकची गिट्टी, दोन स्क्रू, एवढंच काम. सोबतचे स्क्रू आखूड आहेत, त्यानं आपले दीड इंची वापरले. छिद्रं पाडताना यंत्रावरची धूळ अडवणारी टोपी राहू द्यायची आणि काम झाल्यावर आठवणीनं काढायची, नाहीतर सिमेंटची पूड आत जाते. घराला रंग देतानाही तसंच. जिथं पीओपीचं छत असेल तिथं त्याला चालणारी वेगळी गिट्टी लागते, साधी गिट्टी निसटते.

सगळं लावून झालं त्या रविवारी दुपारी सासूबाई जेवून झोपल्या होत्या. त्यांना न सांगता बोळातल्या यंत्राचं बटण दाबलं. त्यांना आधी सांगितलं असतं तर त्या जाग्याच राहिल्या असत्या. सहाही वाजले. वर मुलगा कानात बोटं घालून उभा. माझं लक्ष त्यांच्या खोलीकडे. त्यांच्याच खोलीतलं यंत्र, पलंगापासून सहा-सात फुटांवर, कर्कश वाजतंय, आणि त्या कूस बदलून झोपल्या. मी दंडाला हात लावला तेव्हा डोळे उघडले.

"आई, तुम्हाला आवाज आला का?"

"कसला गं? मिक्सर लावलायस काय?"

मला रडू आलं. चौदा हजार घातले, भोकं पाडली, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच ऐकू येत नाही.

मग वाचून काढलं. या यंत्रांचा आवाज उंच पट्टीचा असतो, साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास. वयाप्रमाणे कान जातात तेव्हा उंच पट्टीच आधी जाते. म्हणूनच म्हाताऱ्या माणसांना चिमण्या ऐकू येत नाहीत, पण ढोल ऐकू येतो. झोपलेल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला उठवायला 520 हर्ट्झचा खालच्या पट्टीचा आवाज कितीतरी चांगला, आणि त्याच्या जोडीला उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती. दोन्ही परदेशात मिळतं. आमच्या संचाशी जोडता येईल अशी चकती मला इथं मिळाली नाही. कंपनीच्या फोनवर विचारलं, तर समोरच्या मुलीला प्रश्नच कळला नाही, आवाज वाढवायची सोय नाही एवढंच ती सांगत राहिली. आवाज मोठा हवाय असं मी म्हणतच नव्हते, मला खालच्या पट्टीचा हवा होता. या उत्पादनातली ही सगळ्यात मोठी उणीव. घरात म्हातारं माणूस असेल तर घेण्याआधी हे विचारा.

पण हीच यंत्रं जोडलेली नसती तर मला दुसरा मार्ग राहिला नसता. जोडलेली आहेत म्हणजे खाली धूर झाला की माझ्या डोक्यावर वाजतं. सासूबाईंना उठवणारी मी. मग प्रश्न असा आला की मला किती वेळ लागतो? मुलानं मोबाइलवर वेळ लावली, मी अंथरुणातून उठून निघाले, आणि जिन्याच्या तळाशी अडकले.

आमच्याकडे जिना संपतो तिथं लोखंडी जाळीचं दार आहे. चोरीच्या भीतीनं दहा वर्षांपूर्वी लावलं. रात्री वरून कुलूप घालतो. किल्ली यांच्या शर्टच्या खिशात, शर्ट दाराच्या मागच्या खुंटीवर. किल्ली शोधून, अंधारात कुलूप चाचपून खाली पोचायला मला एक मिनिट पन्नास सेकंद लागले, तेही दिवसाउजेडी सगळ्यांना माहीत असताना. मार्चच्या त्या रात्री कुलूप कसं उघडं होतं? मुलगा पाण्याला उतरला होता म्हणून. मी पायरीवर बसले आणि पुन्हा ती रात्र डोळ्यांसमोर आली.

आता किल्ली जाळीच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या पायरीशी भिंतीवरच्या खिळ्याला असते, बाहेरून हात पोचत नाही असं बघून ठोकलाय. शेजारी टॉर्च टांगलाय. आता मला चौतीस सेकंद लागतात. इन्व्हर्टर जिन्याखालून काढून बाहेर व्हरांड्यात, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात नेला. जिन्याखाली आग म्हणजे वरच्यांची उतरायची वाटच बंद, हे आम्हाला पंधरा वर्षं सुचलं नव्हतं. इलेक्ट्रिक स्कूटरही रात्री चार्जिंगला बोळात लावायचो, ती आता पोर्चमध्ये लावतो.

उगाच वाजण्याबद्दल सगळे विचारतात. स्वयंपाकघरातलं उष्णतेचं यंत्र साधारण 57 अंशांना वाजतं, त्याला धुराशी देणंघेणं नाही, त्यामुळे मिरचीची फोडणी द्या, पुऱ्या तळा, ते गप्प असतं. धुराचं यंत्र शेगडीपासून दहा फूट लांब पाहिजे, आमचं बोळात आहे. उष्णतेचं यंत्र धुराच्या मानानं उशिरा जागं होतं, हे मान्य करूनच ते लावायचं.

गोंधळ झाला तो धुपाचा. सासूबाई मंगळवारी आणि शुक्रवारी धुपाटण्यात निखारे घेऊन त्यावर ऊद घालतात आणि दिवेलागणीला साऱ्या घरातून फिरवतात. पहिल्याच शुक्रवारी हॉलमध्ये आल्या आणि सहाही यंत्रं ओरडली. त्यांच्या हातातून धुपाटणं पडता पडता राहिलं. त्या कष्टी झाल्या, "आता या घरात धूपसुद्धा नको का?" म्हणाल्या. मला ते लागलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्या वासानंच संध्याकाळ होते. यंत्रासाठी धूप बंद करणार नव्हते. हॉलमधलं यंत्र देवघराच्या बाजूनं काढून पाच फूट लांब, रस्त्याकडच्या खिडकीकडे घेतलं. आता त्या आधी दोन्ही खिडक्या उघडतात आणि यंत्राच्या थेट खाली न थांबता पुढं जातात. गणपतीत पाच दिवस दोन वेळा आरती, कापूर, उदबत्त्या, सगळं झालं, फक्त एकदा वाजलं, तेही पंधरा माणसं दाटीनं उभी होती आणि दार बंद होतं तेव्हा. वाजलंच तर ज्यानं सुरुवात केली त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, बाकीच्यांचा नाही. त्याचं बटण केरसुणीच्या दांड्यानं दाबलं की सगळी दहा मिनिटं गप्प. पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली तेव्हाही हॉलमधलं वाजलं. भोंगा ऐकू आला की आता खिडक्या लावून घेतो.

दोन गोष्टी ठळक लिहिते, कारण माझ्या बहिणीचाही हा गैरसमज होता. या यंत्रांना गॅसगळती कळत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, त्याचं यंत्र वेगळं आणि ते खाली, जमिनीजवळ लावायचं. पाइपनं येणारा गॅस हलका, त्याचं वर. आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र वेगळं घ्या. त्या विषारी वायूला ना वास, ना धूर, तिथं हे पांढरं यंत्र काहीही सांगणार नाही.

चाळीस-पन्नास सेकंदांनी एकदा बारीक टिकटिक यायला लागली तर बॅटरी संपत आलीय असं समजा. टिकटिकीला कंटाळून काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका. तीन महिन्यांनी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशनं बाहेरून धूळ काढते, जाळीत कोळी जाळं करतात. उदबत्ती जवळ धरून तपासू नये असं पत्रकात लिहिलंय, आत चिकट थर बसतो. बटणानंच तपासायचं. बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी यंत्रच बदलायचं असतं, मुलानं प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं "जानेवारी 2035" लिहून ठेवलंय.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो त्या उंच पट्टीच्या आवाजासाठी आणि पत्रकासाठी मिळून.

तपासणीचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेदहाला त्या कानातलं यंत्र घालून बोळात येतात, काठीच्या टोकानं बटण दाबतात. आम्ही एकेका खोलीत उभे राहतो आणि आपापलं वाजलं की ओरडून सांगतो. त्या मोजतात आणि किती वाजले तो आकडा कालनिर्णयच्या चौकोनात पेनानं लिहितात. मे, जून, जुलैला 6 आहे. 3 ऑगस्टच्या चौकोनात 5 आहे. मुलाच्या खोलीतलं वाजलं नव्हतं. या संचात एक यंत्र दुसऱ्याचा निरोप पुढं पोचवत नाही, ज्यानं धूर पकडला त्याच्या लहरी प्रत्येकापर्यंत थेट पोचाव्या लागतात, आणि अकरावीसाठी मोठं टेबल आल्यावर आम्ही त्याचं लोखंडी कपाट नेमकं वाटेत सरकवलं होतं. कपाट तिथून हलणार नव्हतं, म्हणून यंत्रच दाराकडे अडीच फूट सरकवलं, नवीन दोन छिद्रं पाडली. सोमवारी संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा बटण दाबलं. 4 ऑगस्टच्या चौकोनात दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी 6 लिहिलेलं आहे.